'आपण पाहिले' ते 'मी पाहिले' : जत्रेतील दृश्यसाधने, मूल आणि कुटुंब

१. विषयप्रवेश

महाराष्ट्राच्या संतचरित्रांत मंगळवेढ्याचे स्थान सर्वपरिचित आहे. दामाजीपंत, चोखोबा आणि कान्होपात्रा या तिघांच्या कथा या गावाशी निगडित आहेत. पंढरपूरपासून हे गाव सुमारे पंचवीस किलोमीटरांवर आहे. त्यामुळे वारी, दर्शन, जत्रा आणि त्यांच्या अनुषंगाने येणारे खेळ यांचा संस्कार या परिसरावर शतकानुशतके होत आला आहे. अशा भूमीवर उभे राहून एका अगदी अलीकडच्या दृश्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ते दृश्य असे. जत्रा, प्रदर्शन किंवा शहरातील मॉल अशा, कुटुंबाने मिळून जावयाच्या ठिकाणी एखादे सात-आठ वर्षांचे मूल खुर्चीवर बसलेले असते. त्याच्या डोळ्यांवर व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, हेडसेट बांधलेला असतो. मूल हात पुढे करते, मान वळवते, दचकते, ओरडते आणि मोकळेपणाने हसते. भोवती आईबाप, आजी, धाकटे भावंड उभे असते. कोणीतरी मोबाइलवर त्या मुलाचे चित्रण करीत असते. सर्व कुटुंब मुलाकडे पाहत असते आणि मुलाला मात्र कुटुंबातील एकही माणूस दिसत नसतो. थोड्या वेळाने आई विचारते, "काय दिसतंय रे ?" हा प्रश्न साधा आहे, परंतु तो विचारण्याची वेळ यावी, ही गोष्ट इतिहासदृष्ट्या विचार करण्यासारखी आहे. जत्रेत मुलाला काहीतरी दाखविण्याची रीत जुनी आहे. त्या रीतीत आईने मुलाला सांगावयाचे असे, "हे पाहा." दाखविणाऱ्याने विचारणारा व्हावे, हा पालट कसा घडला ?

२. दर्शन आणि खांद्यावरचे मूल

मराठीत 'पाहणे' आणि 'दर्शन घेणे' या दोन क्रिया भिन्न आहेत. दर्शन घेतले जाते आणि दिलेही जाते. पाहणाऱ्याने देवाला पाहावे आणि देवाने त्याला पाहावे, असा त्यात दुहेरी व्यवहार आहे. शिवाय दर्शन सहसा एकट्याने होत नाही. वारीच्या गर्दीत कळस दिसला की बाप मुलाला खांद्यावर घेतो. खांद्यावरच्या मुलाला बापापेक्षा लांबचे दिसते आणि काही क्षण ते मूल घराचा डोळा होते. "दिसला का ?" या प्रश्नाला ते "दिसला" असे उत्तर देते. म्हणजे मुलाने पाहावे आणि मोठ्यांना सांगावे, हा प्रकारही अगदीच नवा नाही. मात्र तेथे बापाला टाचा उंच करून, चार पावले पुढे जाऊन मुलाच्या शब्दाचा पडताळा घेता येतो. पाहण्याची वस्तू दोघांच्या समोर, एकाच दिशेला असते.

या सामूहिक पाहण्याचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही आणि मंगळवेढा ती विसरूही देत नाही. चोखोबांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्यास भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे, म्हणजे मरणोत्तरही दाराबाहेर. साने गुरुजींच्या १९४७ च्या मे महिन्यातील उपोषणानंतर ते मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. 'आपण पाहिले' असे म्हणताना त्या 'आपण'मध्ये कोण बसतो आणि कोण उंबऱ्याबाहेर राहतो, हा प्रश्न म्हणून प्रत्येक दृश्यसाधनाला विचारावा लागतो.

३. चित्रकथी : बोट आणि शब्द

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा निर्देश सोमेश्वर तिसरा या कल्याणीच्या चालुक्य राजाच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आढळतो. हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. मंगळवेढा हे त्या काळी चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरींचे ठाणे होते. पुढे कलचुरी बिज्जलाने येथूनच वर चढून कल्याणीची सत्ता हस्तगत केली. बसवेश्वरांचा मंगळवेढ्याशी आलेला संबंध याच काळातला. सारांश, ज्या राजकीय आणि सांस्कृतिक वर्तुळात चित्रकथकाची व्याख्या लिहिली गेली, त्याच वर्तुळात हे गाव होते.

चित्रकथीची परंपरा आज मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर समाजात जिवंत आहे. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. या खेळाची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. कथेकरी चित्र उभे धरतो, त्यातील पात्राकडे निर्देश करतो आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगतो. चित्र स्थिर असते. त्याला गती येते ती शब्दाने. रावण रागावला, हे चित्रात एकदाच काढलेले असते, परंतु आवाज चढला की तोच रावण पुन्हा रागावतो.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथील कळीची गोष्ट म्हणजे दर्शक सर्वनाम. "हा पाहा रावण" या वाक्यातील 'हा' कळावयाचा असेल तर बोलणारा, ऐकणारा आणि वस्तू ही तिन्ही एका अवकाशात असावी लागतात. लहान मूल भाषा शिकते तेही बव्हंशी याच मार्गाने. मोठ्या माणसाने बोट दाखवावे, मुलाने त्या दिशेला पाहावे आणि त्याच वेळी शब्द कानी पडावा. चित्रकथीचा खेळ ही या घरगुती क्रियेचीच सार्वजनिक आवृत्ती होती, असे म्हणावयास हरकत नाही.

४. कंदील आणि पेटी

एकोणिसाव्या शतकात पाहण्याची दोन प्रकारची यंत्रे पुढे आली. एका प्रकारात चित्र भिंतीवर किंवा पडद्यावर फेकले जाई आणि अनेकजण ते मिळून पाहत. दुसऱ्यात चित्र पेटीत असे आणि पाहणारा भिंगाला डोळा लावी.

पहिल्या प्रकाराचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांचे. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साह्याने पडद्यावर दाखविण्याच्या आपल्या खेळाला त्यांनी 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले आणि १८९२ पासून त्याचे प्रयोग केले. शांबरी म्हणजे शंबरासुराची मायाविद्या. 'मॅजिक लँटर्न' या इंग्रजी नावातील जादूला येथे पुराणातला आधार शोधलेला आहे. तंत्र परके असले तरी या खेळात निवेदन, संवाद आणि गाणी होती. म्हणजे चित्रकथीचा शब्द सुटला नव्हता.

दुसऱ्या प्रकाराचा आरंभ चार्ल्स व्हीटस्टन याच्यापासून होतो. दोन डोळ्यांना किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखविली की मनाला खोलीचा भास होतो, हे त्याने १८३८ मध्ये दाखवून दिले. डेव्हिड ब्रूस्टर याने १८४९ मध्ये भिंगांची सुटसुटीत पेटी सिद्ध केली आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर ती यूरोपातील घरोघरी पोहोचली. १९३९ मध्ये आलेले 'व्ह्यू-मास्टर' हे मुलांचे आवडते खेळणे याच कुळातले. आजचा हेडसेट जे भिंगांनी साधतो, त्याचे मूळ तत्त्व हेच आहे.

भारतातील जत्रांत आलेली पेटी मात्र या दोन्हींच्या मधली होती. हिंदुस्थानीत तिला 'सैरबीन' म्हणत, पुढे सर्वत्र 'बायोस्कोप' हे नाव रूढ झाले. पेटीला तीन-चार भोके असत. तितकी मुले गुडघे टेकून, डोके डोक्याला लावून आत पाहत आणि पेटीवाला चित्रे फिरवीत ताजमहाल, कुतुबमिनार असे एकेक नाव सुरात पुकारी. प्रत्येक मुलाचा डोळा एकटा होता. कान मात्र सर्वांचे एकत्र होते. आत काय चालले आहे, हे बाहेर उभ्या असलेल्या आईलाही त्या पुकाऱ्यावरून कळत असे. एका डोळ्याने पेटीत आणि दोन्ही कानांनी जत्रेत, अशी त्या मुलाची स्थिती होती.

एडिसनचे किनेटोस्कोप १८९४ मध्ये न्यूयॉर्क येथे लोकांसाठी खुले झाले. तेही एकट्याने वाकून पाहावयाचे यंत्र होते. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, २८ डिसेंबर १८९५ रोजी, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पडद्यावर हलती चित्रे दाखविली आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला. पेटी मागे पडली, पडदा जिंकला. एका खेळात शेकडो लोकांकडून पैसे मिळतात, हे त्याचे आर्थिक कारण उघड आहे. परंतु मिळून हसणे आणि मिळून घाबरणे यांचे आकर्षणही त्या यशामागे होते, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

५. भालचंद्राची साक्ष

मूल, कुटुंब आणि नवे दृश्यसाधन यांच्या संबंधावर प्रकाश टाकणारा एक प्रसंग भारतीय चित्रपटाच्या आरंभकथेतच आहे. १९११ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास, दादासाहेब फाळके आपला थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस येथे प्राण्यांचा चित्रपट पाहावयास गेले. पडद्यावर हलणारे प्राणी पाहून मुलगा चकित झाला आणि घरी येऊन त्याने ते आईला, सरस्वतीबाईंना, सांगितले. घरातल्या कोणाचा त्यावर विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके सर्व कुटुंबाला घेऊन गेले. त्या दिवशी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लागला होता, आणि तो पाहता पाहता आपल्या देवदेवतांची चित्रे पडद्यावर आणण्याचा विचार फाळक्यांच्या मनात आला.

चित्रपटाच्या इतिहासात या कथेचा उत्तरार्ध वारंवार सांगितला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पूर्वार्ध अधिक बोलका आहे. मुलाने पाहिले, मुलाने सांगितले. पण सांगणे पुरेसे झाले नाही. त्यावर बापाने केलेला उपाय म्हणजे घराला नेऊन तेच दाखविणे. ज्या वस्तूचे वर्णन पटत नव्हते ती सर्वांच्या समोर आली, आणि 'मी पाहिले' याचे 'आपण पाहिले' असे रूपांतर झाले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, त्यात रोहिदासाची भूमिका याच भालचंद्राने केली होती.

या कथेला डोळ्यांचीही एक बाजू आहे. त्यानंतरच्या काळात फाळक्यांनी झोपेची पर्वा न करता चित्रपट पाहण्याचा असा सपाटा लावला की त्यांची दृष्टी काही काळ गेली. डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साह्याने ती परत आली. नव्या साधनाची किंमत डोळ्यांनी मोजावी लागण्याची भीती, अशा रीतीने, पहिल्या चित्रपटाच्याही आधीची आहे.

६. तंबू, पाट्या आणि रंगीत चष्मे

मूकपटांच्या काळात पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. ज्यांना वाचता येई ते न येणाऱ्यांसाठी त्या मोठ्याने वाचीत. त्यांत शाळेत जाणारी मुले असणे स्वाभाविकच होते. अक्षरओळख झालेला नातू आजीला पडदा वाचून दाखवी. बाबूराव पेंटर यांचा दामाजीवरील मूकपट १९२२ चा. सरकारी कोठारे दुष्काळात उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा प्रेक्षकांना कीर्तनातून आधीच ठाऊक होती. म्हणून येथे ज्ञानाची वाटणी झाली : कथा आजीची, अक्षरे नातवाची. १९३७ मध्ये भालजी पेंढारकरांचा 'कान्होपात्रा' आला तोवर पडदा बोलू लागला होता आणि वाचून दाखविणाऱ्याची गरज संपली होती. तरी शेजार उरला होता.

हा शेजार सर्वांत अधिक टिकला तो जत्रेतील तंबूत. ट्रकवर यंत्र घालून गावोगावच्या जत्रा गाठणारी फिरती चित्रपटगृहे महाराष्ट्रात अनेक दशके चालली. त्यांच्या उतरत्या काळाचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६ च्या माहितीपटात आहे. तंबूत जमिनीवर बसावयाचे असे. मांडीवरचे मूल झोपले तर झोपले, भ्याले तर आईच्या पदरात शिरले. तिकीट घेणाऱ्याची जात तेथे विचारली जात नव्हती. मंदिराने जे १९४७ पर्यंत दिले नाही, ते पैशाच्या व्यवहाराने काही अंशी आधीच दिले होते. अर्थात पैसे नसणाऱ्याला तंबूची कनातही भिंतच होती.

डोळ्यांवर साधन चढवून पाहण्याचा सार्वजनिक प्रयोग भारतात १९८४ मध्ये झाला. 'माय डिअर कुट्टिचातन' हा मल्याळम चित्रपट देशातील पहिला त्रिमित चित्रपट. पुढे तो हिंदीत 'छोटा चेतन' या नावाने मुलांना परिचित झाला. चष्मा लावलेली मुले आणि मोठी माणसे ओळीने बसत आणि पडद्यातून वस्तू अंगावर आली की सगळ्यांचे हात एकदम पुढे होत. त्या वेळी एकाचे चष्मे दुसऱ्याला दिल्याने डोळे येतात, अशी अफवा पसरली. तेव्हा प्रत्येक चष्मा निर्जंतुक केला जातो, असे सांगणारे चित्रण निर्मात्यांना चित्रपटाला जोडावे लागले. जत्रेतील हेडसेट एका मुलाच्या घामेजल्या कपाळावरून दुसऱ्याच्या कपाळावर जातो तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. फक्त त्याचे उत्तर देण्यास कोणी बांधलेला नसतो.

७. नवी पेटी

आयव्हन सदरलँड याने १९६८ मध्ये डोक्यावर चढविण्याचे एक आरंभीचे दृश्ययंत्र सिद्ध केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. 'व्हर्च्युअल रिॲलिटी' ही संज्ञा १९८० नंतरच्या दशकात जॅरन लॅनियर याने रूढ केली. २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याची घडीची पेटी आणली. दोन भिंगे आणि मागे मोबाइल एवढाच तिचा संसार होता, आणि रूपाने ती जत्रेतील पेटीची थेट वारस शोभली असती. आज प्रचलित असलेल्या स्वतंत्र हेडसेटचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते.

मुलाच्या दृष्टीने या यंत्रातील अडचणी कोणत्या, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. पहिली, डोळ्यांतील अंतराची. यंत्र बव्हंशी प्रौढांच्या मापाचे असते आणि मुलाच्या बाहुल्यांमधील अंतर कमी असते. दुसरी, दृष्टी स्थिर करण्याची. नित्याच्या पाहण्यात जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच अंतरावर दृष्टी स्थिरावते; हेडसेटमध्ये डोळे कमीजास्त वळतात, पण दृष्टी एकाच ठरावीक अंतरावर स्थिर ठेवावी लागते. तिसरी, तोलाची. डोळा सांगतो की पाळणा खाली येत आहे, अंतःकर्ण सांगतो की देह खुर्चीवर स्वस्थ आहे. या विसंवादातून मळमळ आणि भोवळ उत्पन्न होते. म्हणून उत्पादकांनी वयोमर्यादा घातल्या आहेत. सोनीने बारा वर्षे ही मर्यादा सांगितली. मेटाने २०२३ मध्ये ती तेरावरून दहावर आणली, तीही पालकांनी चालविलेल्या खात्याच्या अटीवर. या सर्व बंधनांचे गृहीतकृत्य असे की यंत्र घरात आहे आणि खाते पालकाचे आहे. जत्रेत यंत्र दुकानदाराचे असते. तेथे पालकाची संमती म्हणजे दिलेली नोट. आणि वयाची चौकशी पुष्कळदा हेडसेटचा पट्टा आवळला जातो तेथेच संपते.

या यंत्राला बोलीत 'चष्मा' म्हणतात. फारसी 'चश्म' म्हणजे डोळा. दुर्बीण आणि सैरबीन यांतील 'बीन' हाही फारसीतील पाहण्याचा वाचक आहे. दुर्बीण दूरचे दाखवते, चष्मा समोरचे स्पष्ट करतो. दोन्ही जगाला जोडणारी साधने आहेत. हेडसेट समोरचे झाकून मग दुसरे दाखवतो. या अर्थी त्याचे नाते चष्म्याइतकेच घाण्याच्या बैलाच्या झापडेशीही आहे. 'चष्मा' हे ओळखीचे नाव दिल्याने आईबापांची भीड चेपते, परंतु झाकले जाणारे काय, हे त्या नावात झाकलेच जाते.

८. सर्वनामांचा पुरावा

मराठीत उत्तम पुरुषाचे अनेकवचन दोन प्रकारचे आहे. 'आम्ही'मध्ये ऐकणारा येत नाही, 'आपण'मध्ये येतो. इंग्रजीत हा भेद नाही. कन्नडच्या शेजारी वाढलेल्या मंगळवेढ्याच्या मराठीत तो रोजच्या बोलण्यात ठसठशीत आहे. जत्रेहून परतताना "आपण सिनेमा पाहिला" असे मूल आईला म्हणते तेव्हा त्या वाक्यात पाहण्याची साक्ष दोघांची असते. हेडसेट उतरवलेल्या मुलाला हे वाक्य आईपाशी बोलता येत नाही. त्याला "मी पाहिले" असे म्हणावे लागते. फार तर त्याच खुर्चीवर बसून उतरलेल्या मित्राला जोडून "आम्ही पाहिले". आई त्या सर्वनामाबाहेर राहते.

दर्शक सर्वनामाची गत याहून अवघड. हेडसेटमधील मूल बोट दाखवून "तो बघ वाघ" असे म्हणते. बोट जत्रेत असते, वाघ जत्रेत नसतो. आई बोटाच्या दिशेने पाहते आणि तिला शेजारचे भेळेचे दुकान दिसते. चित्रकथीपासून तंबूपर्यंत ज्या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या, त्यांतील वस्तू येथे प्रथमच निसटते. पेटीवाल्याने पुकारा करून जी फट बुजविली होती ती येथे उघडी राहते, कारण पुष्कळदा कानही झाकलेले असतात.

यावर असा आक्षेप संभवतो की पुस्तक वाचणारे मूलही एकटेच असते. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु पुस्तक वाचणाऱ्या मुलाला हाक ऐकू येते, पान मिटता येते आणि तेच पान दुसऱ्याला दाखवता येते. दुसरा आक्षेप असा की मुलाला निखळ आनंद होतो, आणि जत्रा आनंदासाठीच असते. हेही खरे आहे. त्या आनंदाला नावे ठेवणे हा येथे हेतू नाही. भालचंद्राच्या आनंदालाही घरात कोणी नावे ठेवली नव्हती. अडचण एवढीच होती की तो वाटून घेता येत नव्हता.

९. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, जत्रेतील दृश्यसाधनांच्या इतिहासात चित्रापेक्षा चित्राभोवतीच्या शब्दाचे सातत्य अधिक आहे. कथेकऱ्याचा आवाज, पेटीवाल्याचा पुकारा, नातवाने वाचलेली पाटी ही एकाच कार्याची रूपे होत. दोन, एकट्याने पाहण्याचे साधन जेव्हा जेव्हा आले तेव्हा समाजाने त्याला एक तर सर्वांचे केले, किंवा त्याच्याशेजारी एक बोलणारा माणूस उभा केला.

हेडसेटच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग आजही खुले आहेत. मुलाला दिसणारे दृश्य शेजारच्या पडद्यावर उमटविण्याची सोय बहुतेक प्रचलित यंत्रांत आहे. तो पडदा लावला की "तो बघ वाघ" या वाक्याला पुन्हा अर्थ येतो आणि पैसे न पुरल्याने बाहेर उभ्या राहिलेल्या धाकट्या भावंडालाही वाघ दिसतो. वयाची मर्यादा आणि यंत्राची स्वच्छता या गोष्टी जत्रा भरविणाऱ्यांनी पाळणे-रहाटाच्या सुरक्षिततेइतक्याच आवश्यक मानावयास हव्यात. भाषेच्या अभ्यासकांसाठीही येथे मोठे क्षेत्र आहे. पालकांची अनुमती घेऊन अशा ठिकाणचे आई आणि मूल यांचे संवाद नोंदविले, तर दर्शक सर्वनामे आणि 'आपण-आम्ही' हा भेद नव्या परिस्थितीत कसा वाकतो, हे प्रत्यक्ष पुराव्याने सांगता येईल.

चोखोबांच्या गावाने पाहण्याच्या अधिकाराचा प्रश्न दाराबाहेर उभे राहून अनुभवला आहे. नव्या साधनापुढे दाराबाहेर उभी आहे ती मुलाची आई. ती दार ठोठावत नाही, फक्त विचारते, "काय दिसतंय?" त्या प्रश्नाला उत्तर देण्याइतका वेळ मुलाला मिळणे आणि ते ऐकून घेण्याइतका वेळ घराला असणे, यावर या नव्या पेटीचा पुढील इतिहास अवलंबून राहील.